आत्याचा श्वास

बारशाला बायका जमल्या होत्या, पण बाळाच्या कानात नाव सांगायला आत्याला कोणी पुढे होऊ देईना. शकूने नवी लस टोचून घेतली होती आणि ही लस श्वासातून दुसऱ्याला लागत होती.

"दारातूनच सांग नाव," तात्या लेकीला म्हणाले. "सरकारने तुझ्या छातीत काय भरलंय, कोणाला ठाऊक?"

"तात्या, एवढ्या लहान बाळांना सुई देत नाहीत. म्हणून तर मी घेतली, माझ्या श्वासातून बाळालाही ती मिळेल. वाडीतली दोन बाळं तापाने गेली, विसरलात?"

"दोन दिवस अंगदुखीने कण्हत होतीस. ते दुखणं बाळाला झालं तर?"

पाळण्याशी बसलेली बाळाची आई, कांचन, नणंदेकडे बघत होती. लशीवर तिचाही भरवसा नव्हता. फुकट आणि घाईने आलेल्या गोष्टीची तिला भीती वाटे.

"सरा, मीच सांगतो," म्हणत तात्या पाळण्यावर वाकले. वाकताना त्यांना ठसका लागला.

कांचनने झटकन बाळाच्या तोंडावर पदर धरला.

"तात्या, तुमच्या श्वासात काय आहे?"

"माझ्या? मी तर काहीच घेतलेलं नाही!"

"तेच म्हणते मी."

तात्या मागे सरले. कांचनचा संशय गेला नव्हता, तरी तिने पदर काढला आणि शकूला जागा करून दिली.

"कुर्रर्र," शकू वाकून म्हणाली. नाव एकदा सांगून भागतं, पण ती बाळाच्या गालाला गाल लावून बराच वेळ बोलत राहिली. कांचनने तिला थांबवलं नाही.