वहिनींचा होकार

टिकारामने माइक तोंडाजवळ ओढला आणि सांगून टाकलं की, चंद्रावतीवहिनी हॉटेलाची जागा इंदरलालभाऊंच्या स्मारकासाठी गावाला देऊन राहिल्या आहेत. मंडपात टाळ्यांचा कडकडाट झाला. शोकसभेत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे कोणाच्या ध्यानातच राहिलं नाही.

पहिल्या रांगेत बसलेली चंद्रावती हे पहिल्यांदाच ऐकत होती.

तिचा नवरा इंदरलाल पंधरा वर्षं गावचा सरपंच होता, आणि त्याहून कितीतरी जास्त वर्षं देवरी-चिचगड रस्त्यावरच्या फाट्यावरचा हॉटेलवाला. कालच त्याची तेरवी आटोपली. आज सकाळच्या शोकसभेला येणाऱ्यांसाठी चंद्रावतीने पहाटे उठून स्वतः भट्टी पेटवली होती. दीडशे माणसांचे आलुबोंडे आणि चण्याचा रस्सा. उद्यापासून हॉटेल पुन्हा उघडायचं, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. लेक लग्न होऊन बालाघाटला गेलेली, शेतीवाडी नाही. तिला येत होतं ते एवढंच, आणि ते तिला फार चांगलं येत होतं.

टिकाराम आताचा सरपंच. तो बोलतच होता. गावात शिरताना हात जोडून उभा असलेला भाऊंचा पुतळा दिसला पाहिजे, त्यासाठी फाट्यासारखी मोक्याची जागा दुसरी नाही, आणि हॉटेलाचं म्हणाल तर ते आता कोणासाठी ठेवायचं?

"भाऊच्या हातची चव भाऊच्या संगच गेली," तो म्हणाला. "आता त्या भट्टीत राह्यलं काय?"

माणसं हळहळली. इंदरलालने तीस वर्षांत एक आलुबोंडा तळला नव्हता. तो गल्ल्यावर बसायचा, आल्यागेल्याची विचारपूस करायचा, कोणाचा रेशनकार्डाचा अर्ज लिहून द्यायचा, आणि कोणी रस्सा वाखाणला की मान डोलवायचा. मागे धुरात उभी असायची ती चंद्रावती.

तरी तिला टिकारामचा राग यायच्या आधी लाज वाटली. कारण ही रीत टिकारामची नव्हतीच, इंदरलालची होती. गावासाठी काही हवं असलं की तो कोणाला विचारत बसत नसे. भरसभेत जाहीर करून मोकळा होई, की अमका देऊन राहिला. चार लोकांसमोर नाही म्हणायची छाती कोणाची? दवाखान्याची विहीर अशी झाली, समाजमंदिर असं झालं. शाळेचं मैदान तर टिकारामच्याच वावरावर झालं. त्याचं होतं नव्हतं ते तेवढंच वावर. गळ्यात झेंडूचा हार घालून त्याला मंचावर उभं केलं होतं, आणि खाली त्याची बायको देवकाबाई तोंडाला पदर लावून बसली होती. चंद्रावतीला वाटलं, बाईला गहिवरून आलं. सगळ्यांच्या आधी टाळी चंद्रावतीनेच वाजवली होती.

आज देवकाबाई तिच्या शेजारीच बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती. खास वेळ काढून आल्यासारखी, निवांतपणे चंद्रावतीच्या तोंडाकडे पाहत होती.

चंद्रावती उठली. नाहीच म्हणायचं, असं ठरवून उठली. गुडघ्यांवर हात टेकत मंचाच्या तीन पायऱ्या चढली. लोकांना वाटलं, वहिनी दोन शब्द बोलणार. टिकारामने तिला नीट जवळ येऊ दिलं, तिच्या खांद्यांवर शाल टाकली, हातात नारळ दिला, आणि माइक मात्र आपल्याकडेच ठेवला.

"सगळ्याईनं उभं राहा," तो म्हणाला. "भाऊसाठी दोन मिनिटं मौन."

अख्खा मंडप उभा राहिला. माना खाली गेल्या. चंद्रावतीचे ओठ उघडले होते, ते तिने मिटून घेतले. नवऱ्यासाठी पाळलेलं मौन बायकोनेच मोडायचं, एवढा धीटपणा ती कुठून आणणार? समोर हार घातलेला फोटो होता. आज हा माणूस असता तर काय म्हणाला असता, याचा तिला विचारही करावा लागला नाही. त्यानेच पहिल्यांदा जाहीर केलं असतं, आणि तेही तिला न विचारता. तिला रडू फुटलं. माना वर करून बघणाऱ्या चार जणांनी ते पाहिलं आणि त्यांचेही डोळे पाणावले.

मौन संपताच 'इंदरलालभाऊ अमर रहे' सुरू झालं. त्या गलक्यात ती टिकारामला म्हणाली, "मले हॉटेल चालवाचं हाय."

ते त्याच्याशिवाय कोणालाही ऐकू गेलं नाही. त्याने समजल्यासारखी मान हलवली, माइकचं बटण बंद केलं आणि सगळ्यांनी नाश्ता करूनच जावं म्हणून हाताने हॉटेलाकडे खूण केली.

वाढायला दुसरं कोण होतं? शाल कमरेला खोचून चंद्रावतीच कढईपाशी उभी राहिली. ओमेश मिस्त्री तोवर जागा मोजायला दारापासून टेप लावू लागला होता. टेप पायांत आली की खाणारे हातातला द्रोण न सोडता एकेक पाय उचलून त्याला वाट करून देत होते. जो तो खाता खाता भाऊंची आठवण काढत होता, आणि भाऊंचा रस्सा आता पुन्हा मिळायचा नाही म्हणून हळहळत दुसऱ्यांदा घेत होता.

टिकाराम सगळ्यांच्या शेवटी आला. दोन आलुबोंडे त्याने उभ्याउभ्याच संपवले, द्रोण तोंडाला लावून रस्सा प्यायला. मग जवळ येऊन, अगदी आदराने, खालच्या आवाजात म्हणाला, "चव तुमच्याच हातची होती, वहिनी. गावात सगळ्याईले ठाऊक हाय."

आणि रश्श्यासाठी द्रोण पुढे केला.