पंप फिरला की समज

जहाजावर जाण्याआधी नवऱ्याने घरात पाळलेल्या प्रवाळांच्या काचेच्या टाकीत त्यांना लागणारं कॅल्शियम सोडायला पंप घेतला, तो मुद्दाम फोनवरून चालणारा. "साहेब, वेळ लावून टाका, आपोआप चालेल," टाकीवाला सांगत होता. पण हा ऐकेना. बायकोला म्हणाला, "रोज संध्याकाळी मी स्वतः बटण दाबणार. पंप फिरला की समज, मी सुखरूप आहे."

पंप एक दिवसही चुकला नाही. ती चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसायची आणि घरघर ऐकू आली की "आली बाई आमची आठवण" म्हणत स्वतःशीच हसायची.

मग जहाज बुडाल्याची बातमी आली. घर माणसांनी भरलं. सासूबाईंनी टाहो फोडला, आणि तेवढ्यात पंप घरघरला.

"रडू नका, आई! ते जिवंत आहेत!" ती ओरडली.

महिन्याचं कॅल्शियम भरायला आलेला टाकीवाला दारातच थिजला. "वहिनी, पंप आपोआप चालतोय. साहेबांनीच फोन करून माझ्याकडून वेळ लावून घेतली होती."

"कधी?"

"जहाजावर गेले त्याच आठवड्यात."