अंजलीचं थडगं

"माय, बाजूला सर. ट्रॅक्टर येऊन राहिला," हनुमान म्हणाला. त्याच्या हातात कुदळ होती.

सिंधूबाई थडग्यापासून हलली नाही.

रागिणीनं मोजायची टेप खाली ठेवली. ती नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायची आणि सुट्ट्यांत गावोगावचे विसरलेले मसनवटे शोधत हिंडायची. नांगराखाली जाण्याआधी निदान फोटो तरी निघावेत, एवढीच धडपड. शिरड शहापूरजवळच्या या माळावर तिला मेंढपाळांची जुनी थडगी सापडली होती. सगळी दक्षिणोत्तर. एक तेवढं आडवं, अलीकडचं. ते हनुमानच्या बहिणीचं, अंजलीचं.

"तुमीच सांगा मॅडम," हनुमान म्हणाला. "आमी मेंढरं घेऊन लांब व्हतो, तवा काविळीनं गेली ती. मला मातीलाबी येता आलं न्हाई. आता हाडं काढून गंगेत सोडतो, मंग सोयाबीन पेरतो. काय वाईट हाय?"

रागिणीला ते पटत होतं. पण सिंधूबाई दोन्ही हातांनी थडग्याचा दगड धरून बसली होती.

"उकरू नको रे बाबा," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "पाया पडते तुह्या."

माळावर वारा सुटला होता. ट्रॅक्टरचा आवाज जवळ येत होता. हनुमाननं कुदळ उचलली, तशी रागिणी मधे जाऊन उभी राहिली.

"ही तुमच्याच वाडवडिलांची जागा आहे. मी फोटोसकट कलेक्टर कचेरीत अर्ज देतेय. तोवर इथे कुदळ लागली, तर सरळ पोलिसांत जाईन."

हनुमाननं कुदळ खाली आपटली.

"मेलेल्यायसाठी जित्यायनी उपाशी ऱ्हावं व्हय?" म्हणत तो ट्रॅक्टर परतवायला गेला.

सिंधूबाईजवळ बसून रागिणीनं हळूच विचारलं, "मावशी, नोंदीपुरतं सांगा. अंजली गेली तेव्हा कितीची होती?"

सिंधूबाईनं ट्रॅक्टर दूर गेल्याची खात्री करून घेतली.

"एकोणीस," ती म्हणाली. "तिच्यासाठी अन् तिनं पसंत केलेल्या गड्यासाठी यानं कुऱ्हाड पाजळली, अन् हा मेंढरामागं जाताच म्या तिला त्याच्यासंगं लावून दिली. आता चोवीसची हाय बाई. लेकरू चालाया लागलंय तिचं."