मागची स्प्रिंग

"थंडीत चालू होत नाही, वळणावर मागून उडते. कुठेतरी आपटाल, बाबा! आज दुरुस्त झाली नाही, तर ही मोठी स्कूटर विकायची म्हणजे विकायची," मुलीने बजावलं.

"पाया पडतो बाई तुझ्या, पण हिला विकू नकोस." बाबा अगदी काकुळतीला आले.

मुलीने बाह्या सरसावल्या. काजळी धरलेला प्लग बदलताच ते धूड एका बटणात गुरगुरलं. मग ती मागच्या चाकाशी वाकली.

"सापडलं! आई जाऊन वर्ष झालं, पण स्प्रिंग अजून दोघांच्याच वजनाला कसलेली आहे. एकट्यापुरती सैल केली, की उडायची थांबेल."

तिने पाना लावला. बाबांनी तिचा हात घट्ट धरला.



"नको. त्यापेक्षा विकून टाक."