मायक्रोवेव्हचं काळीज

"आई, आज मी यात केक करते," म्हणत छकुलीनं मायक्रोवेव्हवरचं विणलेलं कव्हर उचललं आणि ओसरीत चहा पिणाऱ्या उकंडरावांना ठसका लागला.

पुण्याच्या नोकरीतल्या पहिल्या पगारातून लेकीनं तो पाठवला होता. त्यानंतर ती थेट आता दिवाळीलाच घरी आली होती. फोनवर शालूबाई दर खेपेला सांगत, "दूध त्याच्यातच तापते, बाई." तापायचं चुलीवरच. बायको यंत्राला भिते, असं उकंडराव धरून चालले होते.

भादव्यात रानडुकरं कपाशीत शिरली. बोंडअळीसाठी बीटी बियाणं निघालं होतं, डुकरांसाठी कोणी काही काढलं नव्हतं. शालूबाई माहेरी गेल्याचं साधून उकंडरावांनी मायक्रोवेव्ह धाड गावच्या जाकीरकडे नेला. जाकीर दुरुस्तीत हुशार. त्यानं आतला करंट वाढवणारा इन्व्हर्टर, पंखा, दिवा काढून वावराच्या कुंपणाच्या तारेला जोडले; रिकामं खोकं उकंडरावांनी घरी परत जागेवर ठेवलं.

"डुक्कर मरनार नाही काका, पन पुन्हा तोंड दाखवनार नाही," तो म्हणाला.

पंखा घूं घूं करू लागला, लाल दिवा लागला. तारेला हात लावून बघायची वेळ आली तेव्हा "तुमी मोठे", "तू कारागीर" असं बराच वेळ चाललं. हात कोणीच लावला नाही.

डुकरं मात्र फिरकली नाहीत. ती शेजारच्या भगवंतरावांकडे जेवू लागली. उकंडराव पारावर विज्ञानाबद्दल बोलू लागले.

आता ते मान खाली घालून आत आले. लेकीची वस्तू आपण डुकरांवर ओवाळून टाकली, याची त्यांना खरीच लाज वाटली.

"पोरी, ते खोकं रिकामं हाय. त्याचं काळीज म्या वावरात तारेले लावलं."

छकुलीनं खोक्याचं दार उघडून पाहिलं. शालूबाईच मधे पडल्या.

"कोनतं काळीज? आलं त्याच दिवशी म्या त्याच्यात स्टीलच्या पातेल्यात दूध ठेवलं. फटकन आवाज झाला, धूर निघाला. मंग नुसता दिवा लागे अन् पंखा फिरे. तुले वाईट वाटन म्हनून बोलली नाही, माय."

छकुलीला हसू आवरेना. "म्हणजे बाबा, तारेत करंटच नाही?"

उकंडरावांनी आधी दार लोटून घेतलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "अर्धा कापूस अजून वावरातच हाय. डुकराईले समजलं तं?"