एरंडाचं पान

चंचलने पत्र्याच्या पेटीतून लाल झाकणाची जुनी ट्यूब बाहेर काढली, तेव्हा तिची सासू सुगंधाबाई हातातलं सूप खाली ठेवून तिकडे बघू लागली.

चंचलची पाच वर्षांची दिव्यानी घरापुढच्या सपरीत हात लांब धरून बसली होती. दोन्ही कोपरांच्या खोबणीत कातडी लालभडक, एका जागी पाणी सुटलेलं. रडून रडून पोरीचा आवाज बसला होता.

"तीन दिवसांत काय करून ठेवलं या नव्या मलमानं!" चंचल म्हणाली. "याच्यापेक्षा जुनंच बरं होतं. दोन दिवसांत खाज बंद."

खाज बंद व्हायची, हे खरंच. बाजारातल्या दुकानातून आणलेलं ते मलम दीड वर्ष चाललं होतं. लावलं की इसब पळायचं, थांबवलं की दुप्पट जोराने परत यायचं. शेवटी सिंदेवाहीच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीच्या कोपराची कातडी दाखवली, कांद्याच्या पापुद्र्यासारखी झालेली. यात स्टेरॉईड आहे, न विचारता इतके दिवस लावायचं नसतं, असं म्हणून त्यांनी बिनस्टेरॉईडचं मलम लिहून दिलं. कोरड्या कातडीवर पातळ थर लावायचा. उन्हात न्यायचं नाही. वरून काही बांधायचं नाही. सुरुवातीला थोडं चुरचुरेल, मग कमी होईल. जास्तच झालं तर थांबवायचं आणि फोन करायचा.

चंचलने सगळं नेमाने केलं. सकाळी मलम लावायची आणि मग शेतात धानाच्या रोवणीला जायची.

तिची पाठ वळली की काय व्हायचं, ते सुगंधाबाईलाच ठाऊक.

सूज असो, मुरगळ असो, गळू असो, अख्खा मोहल्ला सुगंधाबाईकडे यायचा. परसातल्या एरंडाचं पान ती तव्यावर शेकायची, त्यावर तेलाचं बोट फिरवायची आणि दुखऱ्या जागी घट्ट बांधायची. बाईच्या हाताला गुण आहे, असं तळ्यावर जाळं टाकणारे गडीसुद्धा म्हणत. उघड्या औषधाला वारा खाऊन जातो, हे तिचं ठरलेलं वाक्य. मग सख्ख्या नातीचं औषध वाऱ्याला कसं खाऊ द्यायचं? तीन दिवस तिने मलमावर शेकलेलं पान बांधलं आणि सून यायच्या आत सोडलं. आईले सांगू नको, असं आजी म्हणाली, म्हणून पोरीनेही सांगितलं नाही. जळत होतं तरी सांगितलं नाही.

चंचल लाल झाकण फिरवू लागली. सुगंधाबाई गप्प बसली असती तर सगळं त्या नव्या मलमाच्या नावावर खपून गेलं असतं. आणि पोरीच्या हाताचा पुन्हा तोच पापुद्रा.

"थांब," ती म्हणाली. "मलमाचा दोष नाई."

"मंग कोणाचा हाय?"

"माहा. तू गेल्यावर मी त्याच्यावर पान बांधून राह्यली होती."

चंचलचा हात झाकणावरच थांबला. "डॉक्टरीणबाईनं तुमच्याच समोर सांगतलं होतं ना, आत्याबाई? बांधू नोका म्हणून?"

"सांगतलं होतं. मले वाटलं, तिले काय मालूम पानाचं."

चाळीस वर्षांत पानाची चूक तिने कधी कबूल केली नव्हती. आज केली, तीही सुनेपुढे. तिची मान वर होईना.

चंचलने झाकण पुन्हा लावलं आणि फोन घेतला. साध्या पाण्याने धुवा, काहीही लावू नका, उद्या सकाळी पोरीला आणा, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. जुनी ट्यूब चंचलने पेटीत परत ठेवली नाही. कचऱ्यात टाकली.

आठवड्याने कातडी शांत झाली आणि नवं मलम पुन्हा सुरू करायला सांगण्यात आलं. चंचलने ट्यूब सासूच्या हातात दिली.

"तुम्हीच लावा."

सुगंधाबाईने बोटाच्या टोकावर एवढंसं घेतलं, पुसट थर लावला आणि हात धुऊन आली. थोड्याच वेळात दिव्यानीचं तोंड वाकडं झालं.

"आजी, चुरचुरून राह्यलं."

सुगंधाबाई उठली, परसात गेली आणि एरंडाचं एक मोठं पान लांब देठासकट तोडून घेऊन आली. चंचल हातातलं काम टाकून उभी राहिली.

सुगंधाबाई नातीसमोर बसली. तिने देठ धरला आणि पान कोपरावर हळूहळू हलवू लागली.

दिव्यानीने जरा वेळ वारा घेतला. मग घाबरून विचारलं, "आजी, वारा औषध खाऊन जाईन नं?"

"नाई वो माय," सुगंधाबाई म्हणाली. "वारा चुरचुर खाते."