दोनशे चौदावी टाचणी

श्रीरंग पाणवठे यांनी नागपूरहून आणलेला जगाचा नकाशा दिवाणावर पसरला, तेव्हा बाळाजींना स्वतःच्याच घरात बसायला जागा उरली नाही. ते उभे राहिले. त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. घरच्या माणसांखेरीज दुसरा पाणवठे त्यांनी बहात्तर वर्षांत आज पहिल्यांदा पाहिला होता. सकाळीच जबलपूरच्या गोरखपूर बाजारात जाऊन त्यांनी खव्याची जिलेबी आणली होती, आणि पत्नी सुमित्राबाई गेल्यापासून कपाटात पडून असलेल्या काचेच्या बशा धुऊन पुसून ठेवल्या होत्या.

"एकूण दोनशे चौदा," श्रीरंग म्हणाले. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सात वर्षं ते पाणवठ्यांचा कुलवृत्तांत जमवत होते. कुळातला एकूण एक माणूस त्या पुस्तकात यायला हवा, असा त्यांचा ध्यास. "गावाच्या पाणवठ्याशी ज्यांचं घर, ते पाणवठे. मग पांगले सगळे. हे पाहा, न्यू जर्सीत चार, मेलबर्नला सहा. नैरोबीत एक म्हातारे आहेत, त्यांना मराठी धड येत नाही, पण दर दिवाळीला सगळ्यांना फोन करतात."

प्रत्येक माणसाची एक लाल टाचणी होती. नागपूरवर तर टाचण्यांची दाटी झाली होती. जबलपूरवर एकच.

बाळाजी वाकून त्या एका टाचणीकडे पाहत राहिले. मुलगी दुर्वा लग्न होऊन टोरांटोला गेली, नावही तिकडचं लावते. तिचा फोन रविवारी येतो. उरलेले सहा दिवस या घरात कोणी कोणाला हाक मारत नाही. आणि हा माणूस त्यांना दोनशे तेरा नातेवाईक एकदम देऊ करत होता.

"आता तुमची शाखा लिहून घेतो, काकाजी." श्रीरंगांनी वही उघडली. "तुमचे आजोबा रघुनाथरावांचे चिरंजीव ना? इथल्या फॅक्टरीत फोरमन होते ते. आमच्या जुन्या कागदात रघुनाथरावांपुढे 'निर्वंश' लिहिलेलं आहे. तुमचा पत्ता हाती लागला, म्हटलं चलो, एक चूक दुरुस्त झाली."

हो म्हटलं असतं तर तिथेच संपलं असतं. बाळाजींनी हातातली बशी खाली ठेवली.

"चिरंजीव नाही जी. आजोबांचे आईबाप प्लेगात गेले. पोरगं फॅक्टरीच्या गेटाशी बसून राहायचं. रघुनाथरावांनी घरी नेलं, वाढवलं, शाळेत आपलं आडनाव लावलं."

"अच्छा, म्हणजे दत्तक. दत्तक चालतो आपल्याला." श्रीरंग लिहू लागले. "विधी कोणत्या साली झाला?"

"विधी नाही केला."

पेन थांबलं. "काहून?"

"दत्तक गेलेल्या पोराला पहिल्या बापाचं श्राद्ध करता येत नाही, त्याला पाणी देता येत नाही. माझे वडील सांगायचे, सगळ्यांनी रघुनाथरावांच्या मागे लकडा लावला होता, दत्तक घ्या म्हणून. ते म्हणाले, याचा बाप तहानेनं तडफडत गेला. आता त्याचं पाणी मी काहून तोडू?"

श्रीरंग वहीची पानं मागेपुढे करू लागले. माणूस मुळात वाईट नव्हता. पुस्तकाचे नियम त्यांनी स्वतःच घालून घेतले होते, आणि आता ते त्यांच्याच गळ्यात आले होते. शेवटी त्यांनी आवाज खाली आणला.

"काकाजी, शंभर वर्षं झाली या गोष्टीला. विधी झाला होता म्हणा, मी लिहून टाकतो. कोण विचारायला येऊन राहिलं?"

खरंच, कोण येणार होतं? बाळाजींनी नकाशावरून नजर फिरवली. न्यू जर्सी, मेलबर्न, नैरोबीचे ते म्हातारे. हो म्हणावं असं त्यांना फार वाटलं. दिवाळीला दुसऱ्या कोणाचा तरी फोन आला असता. इतकं वाटलं की त्यांनी उगाचच जिलेबीची बशी पुढे सरकवली.

"नाही जी," ते म्हणाले. "त्यांनी जे जाणूनबुजून केलं नाही, ते झालं म्हणून मी कसं सांगू?"

"मग तुमचं मूळ आडनाव कोणतं?"

"आजोबांनाही ठाऊक नव्हतं. बापाला सगळे गोविंदा म्हणत, तेवढं आठवायचं त्यांना. पाणी देताना मीही नुसतं गोविंदाच म्हणतो."

श्रीरंगांनी जबलपूरची टाचणी उपटली आणि डबीत टाकली. वहीतल्या दोनशे चौदावर काट मारून वर दोनशे तेरा लिहिलं. नकाशाची गुंडाळी झाली आणि दिवाण पुन्हा रिकामा झाला, पण बाळाजी बसले नाहीत.

फाटकाशी ऑटो उभा होता. श्रीरंग आत बसले, मग काय वाटलं कोण जाणे, पुन्हा उतरले.

"रघुनाथरावांपुढे मग निर्वंशच राहील, काकाजी. माझाही इलाज नाही."

"राहू द्या," बाळाजी म्हणाले. "फक्त कोणी विचारलं, की सर्वपित्रीला त्यांना पाणी कोण देऊन राहिलं, तर हा पत्ता सांगा."